रानाच्या मापाचा ट्रॅक्टर

३० डिसेंबर २०२४, सोमवार. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या होती. त्या दिवशी धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या अणदुरात घरोघर कुलूप असतं, सगळं गाव रानात. आम्हीही कडब्याची खोप उभी केली, पांडव मांडले, भज्जी आणि उंडे खाऊन झाले. आंबिलीचा दुसरा तांब्या फिरत असताना आप्पांनी विषय काढला.

"जवारी चांगली हाय. पण म्होरल्या साली औत कुणाचं आणायचं?"

आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. त्यांनी बैलजोडी विकली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. एक खिलार, एक देवणी अशी ती विजोड जोडी होती, पण कामाला चोख. सालगडी मिळेना, कडब्याचा भाव परवडेना, आणि त्यांचे स्वतःचे गुडघे साथ देईनात, म्हणून विकली. तेव्हापासून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर दिवस काढणं चाललं होतं. पावसानंतर घात यावी आणि ट्रॅक्टरवाल्याचा फोन लागू नये, हे दोन्ही वर्षं झालं.

आमचं रान सात एकर. साडेचार एकरांत सोयाबीन-तूर, मागून हरभरा किंवा ज्वारी. दीड एकर द्राक्ष. उरलेल्या एकरभरात विहीर, गोठा, दोन आंब्याची झाडं, उकिरडा, वाट आणि बांध. हे शेवटचं एकर कुणी हिशेबात धरत नाही, पण वर्षभर हात मागतं तेच. बांधावरचं गवत कंबरेएवढं वाढतं, शेणखत हलवायचं असतं, पावसाळ्यात वाट खचते, छाटणीच्या काड्या बाहेर काढायच्या असतात. पूर्वी हे सगळं बैलगाडीवर व्हायचं, आणि त्याला काम म्हणायचीही पद्धत नव्हती.

महाराष्ट्रात आमच्यासारखेच बहुतेक. १९७०-७१च्या कृषिगणनेत राज्यातलं सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. साडेतीन एकरांहून कमी. बांध वाढले, वाटण्या झाल्या, रानात वळायला जागा उरली नाही. ट्रॅक्टर मात्र गावात पन्नास घोड्यांचे (हॉर्सपॉवरचे) आले, कारण ते नांगरटीच्या भाड्यासाठी आले. ज्याच्याकडे सात एकर आहे आणि ते नीट राखायचं आहे, त्याने काय घ्यावं, हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून पुढचे आठ-नऊ महिने मी सुट्टी मिळेल तेव्हा सोलापूरहून येऊन हेच विचारत फिरलो.

पहिलं काम केलं ते कामांची यादी. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आप्पा आणि माझ्या चुलतभावाने, दादाने, वर्षातलं प्रत्येक काम आणि त्याला लागणारे दिवस लिहिले. ती पत्रिका मी जपून ठेवली आहे, कारण आमच्या डोक्यातलं चित्र तिने उलटं केलं. नांगरट, जिच्यासाठी सगळे मोठा ट्रॅक्टर मागतात, ती आमच्या साडेचार एकरांत वर्षाला एखादा दिवस. एखाद्या वर्षी तीही नाही, मोगडा मारून भागतं. त्याउलट द्राक्षात गोडी छाटणीपासून माल उतरेपर्यंत फवारणीच्या फेऱ्या. ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला आणि डाऊनी (केवडा रोग) दिसली की एका आठवड्यात तीन-चार वेळाही फवारणीचा ब्लोअर बाहेर काढावा लागतो, कधी रात्रीचा. आम्ही इतके दिवस घोडे मोजत होतो, मोजायला हवे होते फेरे.

त्या यादीवरून एक गोष्ट मला पक्की कळली आणि ती मी पुढे कुठेही सोडली नाही. वर्षातून एक दिवस लागणाऱ्या ताकदीसाठी ट्रॅक्टर विकत घेऊ नये. ती ताकद भाड्याने आणावी. काळ्या रानात फूटभर खोल पल्टी नांगर ओढायला पंचेचाळीस-पन्नास घोडे लागतात आणि दोन टनांचं धूड लागतं, त्याला इलाज नाही. पण ते धूड वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस आपल्या अंगणात कशासाठी उभं ठेवायचं?

दुसरं काम टेपने केलं. दादा हसला, पण टेप धरली. हमरस्त्यापासून रानापर्यंतची वाट एका जागी, विहिरीच्या वळणावर, साडेसहा फूट भरली. द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ फूट, पण हे कागदावरचं अंतर. वेल फुलल्यावर दोन्ही बाजूंनी फुटवे येतात आणि मोकळी जागा सहा फुटांवर येते. वर वेलीच्या मांडवाच्या वाय आकाराच्या अँगलची उंची. मोठ्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर बॉनेटवर उभा असतो, तो काडीला आणि तारेला लागतो. मागल्या साली भाड्याच्या ट्रॅक्टरने आमचे दोन अँगल वाकवले आणि एक ओळ खरचटली. चालवणाऱ्याचा दोष नव्हता, यंत्र त्या जागेचं नव्हतं. बागेसाठी बनवलेल्या छोट्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर खाली किंवा बाजूला वळवलेला असतो, आणि सगळी रुंदी साधारण साडेतीन-चार फुटांत बसते.

तिसरं माप सोयाबीनचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सोयाबीन अठरा इंचांवर पेरतात. कोळपणीसाठी ट्रॅक्टर पिकात घालायचा तर चाकं दोन ओळींच्या मधोमध चालली पाहिजेत. म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर छत्तीस इंच हवं आणि टायर अरुंद. छोट्या ट्रॅक्टरांत चाकाची डिश उलटीसुलटी करून हे अंतर कमी-जास्त करता येतं. छत्तीसवर बसतं का, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर वाचू नका, त्याला चाक खोलून बसवून दाखवायला सांगा. बसलं तर पहिल्या महिन्यातल्या दोन कोळपण्या निघतात आणि खुरपणीच्या मजुरीत मोठी बचत होते. पीक दाटलं की मग कुणीच आत जायचं नाही, बैलही नाही.

मापं हातात आल्यावर आम्ही यंत्रांकडे वळलो.

अणदूर पुणे-सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर आहे, आता त्याला राष्ट्रीय महामार्ग ६५ म्हणतात. याच रस्त्याने उमरगा ओलांडून पुढे गेलं की दीडशे किलोमीटरच्या आसपास तेलंगणातलं जहीराबाद लागतं. तिथे महिंद्राचा ट्रॅक्टरांचा मोठा कारखाना आहे. १५ ऑगस्ट २०२३ रोजी केपटाऊनमध्ये जाहीर झालेली 'ओजा' ही छोट्या ट्रॅक्टरांची मालिका तिथेच बनते. तिची आखणी जपानच्या मित्सुबिशीबरोबरच्या भागीदारीतून झाली. जपानचं नाव या विषयात सारखं येतं, त्याला कारण आहे. तिथली भातखाचरं लहान, वाटा अरुंद, आणि शेती म्हाताऱ्या माणसांच्या हाती. त्या गरजेतून हलका, चारही चाकांनी ओढणारा, जागच्या जागी वळणारा ट्रॅक्टर घडला. बेंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीने मित्सुबिशीच्याच साहाय्याने आधी पॉवर टिलर आणि मग छोटे ट्रॅक्टर इथे रुजवले. द्राक्षवाल्यांमध्ये ते नाव जुनं आहे. कुबोटाचे बी-२४४१ आणि बी-२७४१ बागांमध्ये दिसतात. महिंद्राचा जिवो, पंधरा घोड्यांचा युवराज-२१५, स्वराजचा ७१७, राजकोटचा कॅप्टन, जॉन डिअरचा अठ्ठावीस घोड्यांचा ३०२८ ईएन अशी ही रांग आहे. स्वराजने २०२१मध्ये 'कोड' नावाचा अकरा घोड्यांचा फारच अरुंद ट्रॅक्टर काढला, तो मुख्यतः आंतरमशागतीसाठी. किमती ढोबळ मानाने तीन लाखांपासून सहा-सात लाखांपर्यंत.

आता घोड्यांबद्दल. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. रोटावेटर आणि ब्लोअर चालतात मागच्या पीटीओ शाफ्टवर, आणि तिथपर्यंत पोहोचताना त्यातले काही घोडे गळतात. चोवीस घोड्यांच्या यंत्राला पीटीओवर वीसच्या आसपास मिळतात. म्हणून विचारायचा आकडा पीटीओचा. आमच्या शेजारच्या शिवारातल्या एका शेतकऱ्याला पंधरा घोड्यांच्या ट्रॅक्टरबरोबर चार फुटी रोटावेटर दिला गेला. पहिल्याच उन्हाळ्यात इंजिन तापायला लागलं, आणि आता तो रोटावेटर गोठ्यामागे गंजतो आहे. पंधरा घोड्यांना अडीच-तीन फूट पुरे. चार फूट हवा तर पंचवीसकडे जावं लागतं.

याहून लपलेली गोष्ट वजनाची. ओढ घोड्यांनी येते असं आपण समजतो. खरं तर जमिनीवर चाक रुतून धरतं ते वजनाने. सात-आठशे किलोच्या ट्रॅक्टरला तीस घोडे दिले तरी ओल्या काळ्या रानात मागचं चाक जागीच गरगर फिरेल. म्हणून मागच्या टायरात पाणी भरतात, लोखंडी वजनं लावतात. आणि म्हणूनच छोट्यात चारचाकी ओढ घ्यावी असं माझं स्पष्ट मत झालं आहे. पन्नास घोड्यांचं धूड दोन चाकांवरही निभावतं, हलक्या यंत्राला पुढच्या चाकांची मदत लागतेच. मुरमाड माळ असेल तर दोन चाकांवर भागेल, आमच्यासारख्या चिबड रानात नाही. किमतीत फरक पडतो, पण तो पहिल्याच पावसाळ्यात वसूल होतो.

हलकेपणाचा फायदाही तिथेच आहे. द्राक्षात ब्लोअर त्याच ओळीत, त्याच चाकोरीवर हंगामभर फिरतो. दोन टनांचं चाक तीस वेळा गेलं की मुळांशेजारची माती विटेसारखी होते, पाणी मुरत नाही, पांढरी मुळी थांबते. आप्पा हे ज्या शब्दांत सांगतात ते मला आवडतं: "बैल चालला तर रान दबत न्हाई, रान मळतं."

लिफ्टची उचल साधारण साडेसातशे किलो असते, ती आमच्या अवजारांना भरपूर झाली. डिझेल मध्यम कामाला तासाला दोन-अडीच लिटर. पुढे-मागे एकाच दांड्यावर करता येणारा शटल गिअर असला तर बागेच्या टोकाला वळताना फार सुख. परदेशात अशा ट्रॅक्टरला पुढे लोडर लावून शेण, माती, बर्फ असं सगळं उचलतात. आमच्याकडे त्याची गरज मला वाटली नाही, उलटी होणारी छोटी ट्रॉली पुरते.

डेमो मागायचाच, आणि तो आपल्या रानात. दोन विक्रेत्यांनी यंत्र पाठवलं. एकाने डांबरी रस्त्यावर चालवून दाखवायची तयारी दाखवली, त्याला आम्ही नमस्कार केला. जे आले त्यांना दादाने मुद्दाम विहिरीच्या वळणावरून आणि बागेच्या शेवटच्या ओळीतून नेलं. आणि मिस्त्री. बी-२४४१ चांगला, ओजा चांगला, पण पंप बिघडला तर जवळच्या नळदुर्गला कोण उघडणार, सुटा भाग सोलापुरात मिळणार की पुण्याहून येणार? फवारणीच्या हंगामात चार दिवस यंत्र उभं राहिलं तर दीड एकर डाऊनीच्या तोंडी जातं. मी तर म्हणेन, दोन ट्रॅक्टरांत तुमचं मन अडलं असेल तर जवळच्या मिस्त्रीला विचारा तो कोणता उघडतो, आणि तोच घ्या.

पैशाचा हिशेब कडू आहे, तरी सांगितला पाहिजे. चार लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं, म्हणजे वर्षाला एक लाखाहून थोडा जास्त हप्ता. सातबाऱ्यावर बोजा. साडेचार एकरांची सगळी मशागत भाड्याने केली आणि एकरी पाच-सहा हजार धरले तरी साडेबावीस ते सत्तावीस हजारांत काम होतं. नुसत्या कोरडवाहू चार-पाच एकरांसाठी छोटा ट्रॅक्टरही घेऊ नये. भाड्यानेच करावं, किंवा गावातल्या शेतकरी कंपनीची अवजार बँक असेल तर तिच्याकडे जावं. आमचं पारडं फिरलं ते द्राक्षामुळे, आणि त्या बिनहिशेबी एकरामुळे.

२२ सप्टेंबर २०२५पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला. पाच लाखांच्या यंत्रावर पस्तीस हजार वाचतात. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग अठरावरून पाचवर आले, त्याचा उपयोग जुन्या ट्रॅक्टरवाल्यांनाही आहे. सरकारी अनुदानाचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. अनेक वर्षं निकष असा होता, की अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला सव्वा लाखापर्यंत आणि इतरांना एक लाखापर्यंत. आकडा अर्ज करताना तपासून घ्या, पण एक गोष्ट कायम ध्यानात असू द्या. पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्याशिवाय बिल करू नका, नाहीतर अनुदान जातं. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची मिनी ट्रॅक्टरची योजना आहे. ट्रॅक्टर आणि अवजारं मिळून साडेतीन लाखांच्या मर्यादेत नव्वद टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान. गटाने ३५ हजार भरायचे. गावागावांतल्या ज्या गटांना हे माहीत नाही, त्यांना हे कुणीतरी बसून समजावलं पाहिजे. ज्याच्या नावावर दोन एकर आहे, त्याला यंत्राची गरज सात एकरवाल्याहून कमी नसते.

सामाईक घेण्याचा विचार आमच्याही घरात झाला. तिघे चुलतभाऊ आणि बांधाचे दोन शेजारी. अणदुरात अशा वेळी खंडोबाचं उदाहरण निघणारच. आमचा खंडोबा दोन गावांचा. सव्वादहा महिने देव अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात आणि मग देव हलतो. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलं आहे. देव वाटून घेता येतो तर ट्रॅक्टर का नाही, असं दादा म्हणाला.

मी यावर बरंच डोकं लावलं. देवाचं पंचांग ठरलेलं आहे, पावसाचं नाही. मृगात पाऊस पडून घात आली की पाचही जणांना पेरणी त्याच दोन दिवसांत करायची असते. डाऊनीचा पाऊसही सगळ्यांच्या बागेवर एकाच रात्री पडतो. ज्या कामाची वेळ पुढेमागे ढकलता येते, जसं मोगडा, शेणखत, बांध साफ करणं, ते यंत्र खुशाल सामाईक घ्यावं. पेरणी आणि फवारणीचं घेऊ नये. आणि जे घ्याल त्याचा करार खंडोबासारखा लेखी करा: डिझेल कुणाचं, पंक्चर कुणाचं, चालवणार कोण, मोडलं तर कुणी भरायचं. तोंडी ठरलेल्या वाट्यांनी बांधावरची भांडणं कोर्टापर्यंत गेलेली मी पाहिली आहेत. आम्ही शेवटी रोटावेटर आणि ट्रॉली दोन शेजाऱ्यांबरोबर सामाईक आणि ट्रॅक्टर स्वतःचा असं ठरवलं. कागद केला, सह्या झाल्या.

एप्रिलमध्ये एक बातमी आली आणि आमची सगळी चर्चा काही दिवस थांबली. ४ एप्रिल २०२५ला नांदेड तालुक्यातल्या आलेगावात हळदीच्या कामाला निघालेल्या शेतमजूर बायकांची ट्रॉली ट्रॅक्टरसकट विहिरीत गेली. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या ७ महिला त्यात गेल्या. त्या रात्री मी साडेसहा फुटांच्या त्या वळणाचा विचार करत होतो. आमच्या विहिरीला कठडा नव्हता. कधीच नव्हता. बैल त्या वळणावर स्वतःहून आत सरकायचे, त्यांना विहीर कळत होती. ट्रॅक्टरला कळत नाही.

तेव्हापासून जो कुणी मला छोट्या ट्रॅक्टरबद्दल विचारतो, त्याला मी आधी हे सांगतो. छोटा म्हणून तो निरुपद्रवी नाही. अरुंद असल्याने उताराच्या बांधावर तो मोठ्यापेक्षा लवकर कलंडतो. मागे पोलादी कमान आणि सीटबेल्ट असलेलाच घ्या, आणि बागेत अडते म्हणून काढलेली कमान बाहेर पडल्यावर परत उभी करा. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक किंवा पदर त्यात गेला तर हाक मारायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण तुटलं की त्याच दिवशी नवं बसवा. मडगार्डवर पोरं बसवू नका. ट्रॉलीत माणसं भरू नका. मजूर बायकांना रानात न्यायची दुसरी सोय करा, तिला जो खर्च येईल तो शेतीचाच खर्च आहे.

सप्टेंबर २०२५मध्ये धाराशिव जिल्ह्याने जो पाऊस पाहिला, त्यापुढे कुठलाही ट्रॅक्टर काय करणार होता? परंडा-भूमची रानं वाहून गेली. आमचं सोयाबीन उभ्या जागी काळं पडलं आणि पंधरा दिवस कुणाचंच चाक रानात शिरलं नाही. खरेदी दसऱ्याला करायची ठरली होती, ती पुढे गेली. आप्पा म्हणाले, पैसे हायत तेवढ्यात आधी हिरीचं बघा.

चोवीस घोड्यांचा, चारचाकी, छत्तीस इंचांवर बसणारा, आणि नळदुर्गचा मिस्त्री उघडतो असा ट्रॅक्टर आम्ही पक्का केला. २०२५ची येळवस १९ डिसेंबरला, शुक्रवारी. तोवर विहिरीचा कठडा कमरेएवढा बांधून होईल आणि वळण दोन फुटांनी रुंद होईल, असं ठरलं. ट्रॅक्टर त्यानंतर येईल.